घासून ठेवलेले सात डबे

बत्तीस वर्षं मी साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत उसाचा रस तपासला. यंत्राचा आकडा वहीत जायचा, पण थेंबभर रस जिभेवर ठेवला की आकडा यायच्या आधीच मला गोडी कळायची. निवृत्त झाल्यावर या जिभेला घरात काही काम उरलं नाही. बायको म्हणते, चहात साखर कमी पडली एवढं सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही. त्यामुळं गेल्या उन्हाळ्यात सून म्हणाली की शहरात संगीत महोत्सव आहे, तिथं भारी भारी खाण्याचे स्टॉल आहेत आणि प्रत्येक स्टॉलवर आधी चव बघायला फुकट देतात, तेव्हा मला बरं वाटलं. म्हटलं, चला, आपल्या जिभेला कुठून तरी बोलावणं आलं.

खरं मी तिथं गेलो तो चव बघायला नव्हे, बायकोवर पहारा द्यायला. ते कसं, ते आधी सांगतो.

सून मूळची कबनूरची. यंत्रमागांच्या खडखडाटात वाढलेली, त्यामुळं हळू बोलणं तिला ठाऊक नाही, आणि आमच्या घरात ते कुणाला खटकतही नाही. पुण्यातल्या एका मोठ्या हॉटेलात ती गोडाचे पदार्थ करायची. दोन वर्षांपूर्वी ती, मुलगा आणि नात परत आले आणि कसबा बावड्यातच, आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून, नव्या इमारतीत राहिले. मुलाचं काम कॉम्प्युटरवरचं, ते कुठूनही होतं. सुनेचं मात्र जमेना. वाढदिवसाच्या केकवर कार्टून काढून काढून ती वैतागली. अशात त्या हॉटेलानं तिला परत बोलावलं आणि महोत्सवानंतरच्या सोमवारी दुपारपर्यंत उत्तर द्या म्हणून सांगितलं. ती मला म्हणाली, "मामा, महोत्सवातला स्टॉल चालला तर इथंच ऱ्हायचं. न्हाय चालला तर जायचं." आमच्याकडं सासऱ्याला मामा म्हणतात.

त्यांच्या फ्रिजच्या दारावर नातीच्या बालवाडीचा अर्ज चुंबकाखाली लावलेला होता. बावड्यातलीच बालवाडी, आमच्या दारातून दिसते. अर्ज भरून महिना झाला होता, सही तेवढी नव्हती. मी त्यांच्याकडं गेलो की पाणी प्यायच्या निमित्तानं फ्रिजकडं जायचो आणि सही झाली का बघायचो. इतकं पाणी मी उभ्या आयुष्यात प्यालो नसेन.

महोत्सवाच्याच आठवड्यात बुधवारी पहाटे आमची म्हैस व्याली. भर उन्हाळ्यात चीक मिळणं म्हणजे लॉटरीच. सुनेनं ऐकलं आणि म्हणाली, स्टॉलवर चिकाचा खरवसच ठेवायचा, अख्ख्या महोत्सवात दुसऱ्या कुणाकडं नसणार. फक्त आत्यांना विचारा. आत्या म्हणजे माझी बायको. मी म्हटलं, विचारतो.

विचारलं नाही. उत्तर मला पाठ होतं. आमच्या घरात चीक विकत नाहीत, वाटतात. रेडकाचं पोट भरलं की उरलेला चीक गल्लीतल्या सात घरी डब्यांतून जातो. ज्या घरी जातो ते घर डबा धुवून देत नाही आणि रिकामाही देत नाही. आत मूठभर तांदूळ, गुळाचा खडा, काही ना काही घालूनच डबा परत येतो. चीक विकला तर म्हैस आटते अशी बायकोची खात्री आहे. मी विज्ञानाचा पदवीधर, त्यामुळं माझा यावर विश्वास नाही, पण हे मी तिच्या माघारीच बोलतो.

बायकोचा गुडघा दुखतो म्हणून डबे पोचवायचं काम माझ्याकडं. बुधवारच्या दोन्ही धारांचा चीक तिनं सात डब्यांत भरला, पिशव्या स्कूटरला अडकवून दिल्या. मी गल्लीत डावीकडं वळायचं ते उजवीकडं वळलो आणि सातही डबे सुनेच्या ओट्यावर नेऊन रिकामे केले. तिला सांगितलं, आत्यांनी आनंदानं दिलाय. पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. मग तिनं सातही डबे कसल्याशा लिंबाच्या साबणानं लखलखीत घासून दिले, आणि मी ते घरी आणून फळीवर ओळीनं पालथे घालून ठेवले. काम कसं बिनबोभाट झालं, या समाधानात मी त्या रात्री छान झोपलो.

बायको काही बोलली नाही. मला वाटलं, तिच्या लक्षात आलं नाही. चाळीस वर्षांच्या संसारानंतरही माणूस असं समजू शकतो, याचं आता मला नवल वाटतं.

शुक्रवारी संध्याकाळी पाचला महोत्सव सुरू होणार होता. मी बायकोला म्हटलं, गर्दी असणार, तुझा गुडघा, तू घरीच थांब. ती म्हणाली, गाणं बसून ऐकतात. सून काय विकतीय, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, आंब्याचं काहीतरी. बरं, म्हणाली आणि ठेवणीतलं इरकली लुगडं नेसून स्कूटरवर मागं बसली.

मैदानाच्या तोंडाशी मोठा फलक होता, 'गॉर्मे फूड व्हिलेज'. ज्यांना खाण्यातलं कळतं त्यांच्यासाठी, असा त्याचा अर्थ सुनेनं मला आधीच सांगून ठेवला होता. म्हणजे कोल्हापुरात अशी वेगळी पाटी लावायची गरज नव्हती. आत पत्र्याच्या शेडऐवजी बांबू, बल्बऐवजी कंदील, खुर्च्यांऐवजी गवताचे भारे. आमच्या गोठ्यात हे सगळं फुकट आहे, आणि त्यावर कुणी बसलं तर बायको ओरडते. इथं लोक त्यावर बसून फोटो काढत होते.

सुनेचा स्टॉल पार उत्तरेच्या टोकाला होता. मी बायकोला दक्षिणेकडं वळवलं.

पहिला स्टॉल उसाच्या रसाचा. काचेची एवढीशी बाटली, गळ्यात सुतळीनं बांधलेला कागद, त्यावर लिहिलेलं की हा रस थंड दाबानं काढलाय आणि उसाच्या आत्म्याला धक्का लागलेला नाही. स्टॉलवरच्या दाढीवाल्या पोरानं मला चमचाभर रस दिला आणि विचारलं, सर, माती जाणवते का? मी जिभेवर घोळवला. माती नव्हती, पाणी होतं. मी त्याला सांगितलं की बाबा, तुझा ऊस चांगला आहे, पण तोडून चार दिवस झालेत आणि रसात बर्फ वितळलाय. तो म्हणाला, हे बघा सर, हे फीडबॅक आम्हाला हवंच असतं. मग त्यानं पुढच्या गिऱ्हाइकाला तोच चमचा तशाच भक्तीनं दिला.

बायकोचं दुखणं वेगळं. फुकट चव बघायची आणि न घेता पुढं जायचं, हे तिला लाजिरवाणं वाटत होतं. दारात येऊन चहा न पिता जाणाऱ्या पाहुण्यासारखं. त्यामुळं प्रत्येक स्टॉलवर चव बघितली की ती तिथं उभी राहून विचारपूस करायची. गाव कुठलं, आई काय करते, लग्न झालं का. एका स्टॉलवर काळा पाव होता, कोळशाचा, मध्ये मटण. पाव करपलाय, असं तिनं त्या पोरीला मायेनं सांगितलं. पोरगी म्हणाली, मावशी, तो काळाच असतो. मग त्या दोघी बराच वेळ तव्याच्या आचेबद्दल बोलत राहिल्या.

त्यापुढं धुराचं ताक. काचेच्या घुमटाखाली पेला ठेवायचे, नळीनं आत धूर सोडायचे, घुमट उचलला की धूर गिऱ्हाइकाच्या तोंडावर आणि टाळ्या. मी चाखलं. ताकाला धुराचा वास लागला की आमच्या आईचा जीव कासावीस व्हायचा, ती ते ताक म्हशीला पाजायची. इथं त्याच वासाचे जादा पैसे होते. ठेच्याचा पिझ्झा मात्र चांगला होता, खोटं कशाला बोलू. त्याला त्यांनी 'कोल्हापुरी ज्वालामुखी' असं नाव दिलं होतं आणि तिखट इतकं बेताचं होतं की नातीनंही खाल्लं असतं. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा.

स्टेजवर एक गायक लोकांना पुन्हा पुन्हा टाळ्या वाजवायला सांगत होता. सगळ्यांचे हात प्लेटांनी अडकलेले. तो जीव तोडून गात होता आणि लोक जीव तोडून खात होते. बायको म्हणाली, चला, आता सुनंकडं जाऊया. मी म्हटलं, आधी हा भाजक्या मक्याचा स्टॉल बघू. मक्यानंतर म्हटलं, जरा गाणं ऐकू. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. ती माझ्याकडं शांतपणे बघायची आणि यायची मागं.

सव्वासात वाजता सुनेचा फोन आला. आवाज खाली आला होता, आणि कबनूरच्या पोरीचा आवाज खाली आला म्हणजे प्रकरण गंभीर. म्हणाली, "मामा, सगळी चव बघत्यात, वा वा करत्यात, आन कुणीच घेईना. जरा येतासा?" बायको शेजारीच होती. फोनमधला शब्दन् शब्द तिनं ऐकला. आता उत्तरेकडं जाण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

स्टॉल दिसत होता देखणा. स्टीलच्या चकचकीत वाट्या भाड्यानं आणलेल्या, त्यांत पिवळसर खरवसाच्या वड्या, वर केशराची काडी. फलकावर इंग्रजी नाव आणि खाली बारीक अक्षरात, 'म्हशीच्या पहिल्या चिकाचा खरवस'. त्या बारीक अक्षरांनीच घात केला होता. लोक वडी तोंडात घालत, डोळे मिटत, मग फलक वाचत आणि हात मागं घेत. आम्ही पोचलो तेव्हा एक पटकेवाले म्हातारबाबा सहा-सात जणांचं कुटुंब घेऊन समोर उभे होते. त्यांनी सुनेला विचारलं, "पोरी, चिकाचं पैसं कुणी घेतंय व्हय?" रागानं नाही, काळजीनं. सुनेनं वाट्या सारख्या केल्या. म्हातारबाबा मान हलवत निघाले, त्यांच्या मागं त्यांचं कुटुंब निघालं, आणि ते बघून रांगेतले बाकीचेही पांगायला लागले.

सुनेचा चेहरा मी बघितला आणि मला फ्रिजवरचा तो अर्ज दिसला. सही नसलेला. आता काही ती सही होत नाही, असं मनात आलं.

बायकोनं एक वाटी उचलली. वडी मोडली, वास घेतला, खाल्ली. मी स्टेजकडं बघायला लागलो. इतकं लक्ष देऊन मी त्या संध्याकाळी गाणं पहिल्यांदाच ऐकत होतो.

"ह्यो आपल्या म्हशीचा हाय," ती म्हणाली.

सून बिचारी निष्पाप. म्हणाली, "व्हय आत्या, तुम्हीच दिलासा की मामांच्याकडं." आणि वाकून सासूच्या पाया पडली, भर महोत्सवात. कुणी मला त्या घुमटाखाली कोंडून धूर सोडला असता तरी बरं, असं मला झालं.

बायकोनं तिला उठवलं आणि माझ्याकडं वळली. आवाज अगदी साधा. "सात घरचं सात डबं, आन सगळं घासून पुसून फळीवर? वर लिंबाचा वास? दोन दिस वाट बघितली, आज सांगत्यात का उद्या सांगत्यात. मला काय खुळी समजलासा?"

चोरी केली ती केली, आणि पुरावा धुवून पुसून तिच्याच फळीवर मांडून ठेवला. मी म्हटलं, पोरं जाऊ नयेत म्हणून केलं. नातीचा अर्ज तसाच आहे म्हणून केलं. एवढंच बोललो. बायको ऐकून घेत होती, मग तिनं पदर खोचला. हा पदर खोचला की आमच्या घरात दोनच गोष्टी होतात, एक तर भांडण नाही तर लग्नाचा स्वयंपाक.

ती स्टॉलच्या आत गेली, दराचा कागद काढून घडी करून कमरेला लावला, आणि पाठमोऱ्या म्हातारबाबांना हाक मारली. "अहो पावणं, माघारी फिरा. चीक इकायचा न्हाय. म्हस आमची हाय, वाटाय आणलाय. खाऊन जावा."

म्हातारबाबा फिरले. त्यांच्यामागं कुटुंब फिरलं. मग काय, कोल्हापूरच फिरलं. सून माझ्या शेजारी येऊन उभी राहिली, ओठ घट्ट दाबून. फुकट वाटलेला स्टॉल म्हणजे बुडालेला स्टॉल, हे तिलाही कळत होतं आणि मलाही. बायकोला थांबवावं असं दोघांनाही वाटत होतं, आणि तिला थांबवायची पद्धत आम्हा दोघांनाही माहीत नव्हती. गळ्यात ओळखपत्र अडकवलेला एक संयोजक धावत आला. इथं फुकट वाटायला परवानगी नाही, बाकीचे स्टॉलवाले तक्रार करतायत, असं म्हणाला. बायकोनं त्याला विचारलं की तुमच्या घरी म्हैस व्याली तर तुमची आई काय करते? त्यानं इकडं तिकडं बघितलं, एक वाटी घेतली आणि गवताच्या भाऱ्यावर जाऊन बसला.

आणि मग वाट्या परत यायला लागल्या.

पहिली वाटी म्हातारबाबांची. आत त्यांच्या खिशातले शेंगदाणे. त्यांच्या सुनेच्या वाटीत केसातल्या गजऱ्याची दोन फुलं. कुणीच वाटी रिकामी देईना. ज्यांना रीत ठाऊक होती ते घालत होते, आणि ज्यांना ठाऊक नव्हती ते पुढच्याचं बघून घालत होते. काहीच जवळ नसलेल्यांनी शेजारच्या स्टॉलवरून आणून घातलं. ज्वालामुखी पिझ्झ्याचा त्रिकोण आला, काळ्या पावाचा अर्धा तुकडा आला, भाजका मका आला. ज्या स्टॉलांवर मी चमचाभर चवीसाठी तासभर उपदेश ऐकला होता, त्यांचं सगळं खाणं आता आपल्या पायांनी माझ्याकडं चालत येत होतं. उसाच्या आत्म्याची एक अख्खी बाटलीही आली, आणि ती दाढीवाल्या पोरानं स्वतः आणून ठेवली. खरवस खाऊन तो म्हणाला, सर, माती जाणवते. मी म्हटलं, बाबा, तो गूळ आहे.

आणि ज्यांना हेही सुचलं नाही त्यांनी कुपनं घातली. महोत्सवात नोटा चालत नव्हत्या, आत येतानाच सगळ्यांनी कुपनं घेऊन ठेवली होती. एकानं एक घातलं, मागच्यानं दोन, त्याच्या मागच्यानं खिसाच रिकामा केला. चिकाचे पैसे द्यायला जे लोक तयार नव्हते, तेच वाटी रिकामी जाऊ नये म्हणून घाई करत होते. दराच्या कागदावर सुनेनं काय लिहिलं होतं ते मी बघितलं होतं. त्याहून जास्तच आलं असावं. नक्की सांगता येणार नाही, कारण मोजायला लागलो तेव्हा बायकोनं हातावर चापट मारली. चिकाचं आलेलं मोजत नाहीत म्हणे. ही रीत मी त्या दिवशी पहिल्यांदाच ऐकली, आणि ती तिनं तिथल्या तिथं काढली असा मला अजून संशय आहे.

सून मात्र सगळा वेळ कुपनांकडं बघतच नव्हती. ती लोकांच्या तोंडाकडं बघत होती. वाटी परत देताना प्रत्येक जण काहीतरी विचारत होता, वेलदोडा किती, वाफ किती वेळ, कबनूरची कोणाची तू. पुण्याच्या हॉटेलात, ती मला नंतर म्हणाली, आत केलेलं बाहेर कोण खातं हे सात वर्षांत कधी दिसलं नव्हतं.

शनिवारी माझी वरात निघाली. चौथ्या दिवसाचा चीक पातळ असतो, तरी बायकोनं तो सात डब्यांत भरला आणि सांगितलं की प्रत्येक घरी डबा द्यायचा आणि पहिला कुठं गेला तेही सांगायचं, आपल्या तोंडानं. मी सातही घरी सांगितलं. दोन घरांत हसले, एका घरात काकूंनी चहा पाजून पाजून माझी खरडपट्टी काढली, आणि उरलेल्यांना म्हणे आधीच माहीत होतं, त्यांची पोरं महोत्सवाला गेली होती. रविवारी डबे परत आले. न धुतलेले, आत तांदूळ, गूळ, एकात कोकम. बायकोनं ते माझ्यासमोर एकेक करून उघडले.

सोमवार उजाडला. दुपारी उत्तर द्यायचं होतं. विचारायची हिंमत मला होईना आणि बायको विचारणाऱ्यातली नाही. शनिवारी सुनेच्या वाटणीचा चीक बायकोनं आमच्या मोठ्या कडीच्या किटलीतून पाठवला होता, ती किटली अजून तिच्याकडंच होती. अकराच्या सुमाराला ती नातीला घेऊन आली, किटली सासूपुढं ठेवली.

बायकोनं झाकण काढलं. आत गुळाची ढेप होती, आणि ढेपेवर घडी घातलेला एक कागद. बायकोला चष्म्याशिवाय वाचता येत नाही, म्हणून तो तिनं माझ्याकडं दिला. बालवाडीचा शिक्का मारलेली अर्जाची प्रत होती. त्याच सकाळची तारीख, नातीचं नाव, आणि खाली सुनेची सही.

मी तो कागद वाचून दाखवायला तोंड उघडलं आणि मला काही वाचताच येईना. बायकोनं माझ्याकडं बघितलं, तिला काय ते कळलं. मग ती किटलीत वाकून बघत सुनेला म्हणाली, "धुतलीस काय गं किटली?"

"न्हाय आत्या."

"बरं केलंस," बायको म्हणाली, आणि नातीच्या हातावर गुळाचा खडा ठेवून धारेला लागणारी वैरण बघायला गोठ्याकडं गेली. खरं ती वेळ वैरणीची नव्हती.